उगवतीच्या बादल्या

शेफबाई बारा वाजता येणार होत्या, आणि आप्पांनी सकाळी नऊलाच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जेवण जाहीर करून टाकलं.

“मटण. मशरूम आणि काळी मिरी घालून, मंद आचेवर, चांगलं तीन तास. सोबत पाव. बस्स.”

“एवढंच?” आईंनी कांदा चिरता चिरता मान वर केली. “एवढ्या मोठ्या हॉटेलच्या त्या मुख्य शेफ. त्यांच्यापुढे एक पातेलं नेऊन ठेवायचं?”

“पातेलं बघायला येत नाहीत त्या, वाइन बघायला येतायत. आणि यंदाची जुळवलेली वाइन मटणच मागतेय.”

वाइन काय मागते ते आप्पा सांगणार आणि मगच शेगडी पेटणार, अशी या घराची रीत होती. पाहुण्याला काय आवडतं ते इथे कोणी विचारत नसे. आप्पा ग्लासात नाक खुपसायचे, डोळे मिटायचे आणि “मासा, वर लिंबू” किंवा “भाजलेलं वांगं आणि जुनं चीज” असा निकाल द्यायचे. धाकटी सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिने नणंदेला विचारलं होतं, “ताई, आज जेवायला काय करायचं?” ताई अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली होती, “थांब जरा. बाटली अजून काही बोललेली नाही.” कुठल्या वेड्यांच्या घरात येऊन पडले, असं तेव्हा धाकटीला वाटलं होतं. आता तीन वर्षांनी तिला याचं काहीच वाटत नसे. आज मात्र वाटत होतं. आप्पा जे सांगत होते ते वाइनने सांगितलेलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

आप्पांचं नाक गेलं होतं.

मागच्या हिवाळ्यात त्यांना तो लांबलेला ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, आणि जाताना आप्पांचं नाकही घेऊन गेला. आप्पांनी हे कोणाला सांगितलं नाही. धाकटीला कळलं ते बाळंतपणानंतर महिन्याभराने. आप्पांनी एक बाटली उघडली, हुंगली आणि “वा, काय उतरलीय!” म्हणून तिच्यापुढे ग्लास सरकवला. चिंगी पोटात असल्यापासून धाकटीचं नाक असं काही तिखट झालं होतं, की शेजारच्या खोलीत कोणी काडी ओढली तरी तिला समजायचं. ग्लासाला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. बूच खराब निघालं की येतो तसा, नवशिक्यालाही कळावा असा. आप्पा मात्र कौतुकाने तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, “मला अजून प्यायची नाहीये ना, आप्पा.” आणि ते वळल्यावर तिने तो ग्लास मोरीत ओतला.

तेव्हापासून ती ही गोष्ट एकटीच सांभाळत होती. नवऱ्यालाही बोलली नव्हती. दरीतले सगळे द्राक्षमळेवाले ज्या माणसाकडे आपापली पिंपं वासाला घेऊन येत, त्याला वासच येत नाही, हे बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? आणि आप्पांनी ते लपवलं होतं, म्हणजे ते लपलेलंच राहावं अशी त्यांची इच्छा होती. निदान शेफबाईंसमोर तरी ते उघडं पडू नये, एवढंच तिला आज हवं होतं.

अकराच्या सुमाराला आप्पांनी हाक मारली. “धाकटे, तळघरातून जग भरून आण. नुसता जग भरायचा, टाकीशी गप्पा मारत बसायचं नाही.”

चिंगी खांद्यावर झोपली होती. एका हाताने तिला सावरत, दुसऱ्या हातात जग घेऊन ती पायऱ्या उतरली. तळघरात नेहमीचा गारवा होता. लाकडाचा, दगडाचा आणि मुरत पडलेल्या फळांचा वास एकमेकांत मिसळलेला. भिंतीलगत दोन ओळींत पिंपं होती. डावीकडची उगवतीची, उजवीकडची मावळतीची. दरीला दोन उतार, म्हणून घराला दोन वाइन. उगवतीच्या उताराला सकाळचं कोवळं ऊन मिळे, दुपारी तो डोंगराच्या सावलीत जाई. जमीन सगळी खडकाळ. तिथली द्राक्षं उशिरा पिकत, पातळ, आंबटसर, चटपटीत वाइन देत. समोरचा उतार संध्याकाळपर्यंत तापत राही. काळी माती, जाड सालीचे घोस, आणि वाइन शाईसारखी गडद, तुरट, जड. दर वर्षी आप्पा दोन्ही एका टाकीत जुळवत. तीन वाटे मावळती, एक वाटा उगवती, इकडे तिकडे थेंबभर. तो थेंबभर किती, ते आप्पांचं नाक ठरवायचं.

यंदा आप्पांनी दहा दिवसांपूर्वी जुळणी केली तेव्हा त्यात मावळतीच मावळती होती. सगळ्यांनी एकेक घोट घेतला होता. दाट, तोंडात चिकटून बसणारी. सगळे एका सुरात “वा, आप्पा!” म्हणाले होते. धाकटीही म्हणाली होती. मग टाकी बंद झाली. जुळणी झाली की पाहुणा येईपर्यंत टाकीला कोणी हात लावायचा नाही, हाही घरचाच नियम.

तिने खरं तर तो परवा मोडायला घेतला होता. उगवतीच्या पिंपातून एक बादली भरून ती टाकीपर्यंत पोचलीही होती. तेवढ्यात वरून चिंगीने असा काही गळा काढला, की बादली परत पिंपात ओतून तिला धावत सुटावं लागलं. आज वाटत होतं, जरा उशिरा रडली असती तर काय बिघडलं असतं?

तिने टाकीत डोकावून पाहिलं आणि जग हातातच राहिला.

टाकीचं झाकण वाइनवरच तरंगतं. वाइन वाढली की ते वर चढतं. ते चांगलं दोन वीत वर आलं होतं. जग खाली ठेवून तिने तिथलाच एक ग्लास नळाखाली धरला. आत उतरली ती शाई नव्हतीच, डाळिंबाच्या रसासारखं काहीतरी लालचुटूक होतं. वास घेतला तर चेरी, ओला दगड, कुस्करलेलं हिरवं पान. आणि घोट तर जिभेवरून असा टुणकन उडी मारून गेला की तिला हसूच आलं. मग हसू जिरलं, कारण वर तीन तासांच्या मटणाचा वास सुटला होता. या वाइनला त्या मटणाने एका घासात चिरडून टाकलं असतं.

“किती वेळ गं?” ताई पायऱ्यांवर उभी होती. पाहुण्यांना वाइन चाखवायची खोली तीच सांभाळायची, बाटल्यांवरची वर्णनंही तीच लिहायची. तिची नजर ग्लासावर गेली आणि चेहरा उतरला. “एवढी पातळ? दोन बादल्यांनी एवढी पातळ?”

“कोणत्या दोन बादल्या, ताई?”

ताई मटकन पायरीवर बसली. “हे बघ, तू थोरल्या दादाला सांगणार नसशील तर सांगते. आप्पांना वास येत नाही. मला केव्हाच कळलंय. मी काय लिहून देते ते हल्ली न हुंगताच ‘बरोबर’ म्हणतात. मी मुद्दाम एकदा ‘साबणाचा मंद दरवळ’ लिहिलं, तेही बरोबर! म्हटलं, शेफबाईंसमोर अब्रू जायला नको. गुपचूप दोन बादल्या उगवती घातली.”

“पण हे दोन बादल्यांचं काम नाही,” धाकटी म्हणाली.

दोघी वर आल्या. स्वयंपाकघरात ताईचा थोरला भाऊ, घराचा दादा, पावाचा तुकडा पातेल्यात बुडवून बघत होता आणि आई त्याच्या हातावर पळी मारत होत्या. ताईने दार लावून घेतलं आणि ग्लास टेबलावर ठेवला.

दादाने ग्लासाकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

“दादा,” ताई म्हणाली, “किती?”

“कसलं किती?”

“बादल्या.”

“दोन,” दादा पुटपुटला. “मंगळवारी. अगं, वाइन नुसती डांबरासारखी होती. आप्पांना बोलणार कोण? मी? मागच्या वर्षी नुसतं ‘जरा तुरट वाटते का’ म्हणालो तर तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.”

“म्हणजे चार झाल्या,” ताई म्हणाली.

“सहा,” आई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले. “असे डोळे फाडून काय बघताय? चाळीस वर्षं त्या माणसासोबत जेवतेय. लसणाची फोडणी पडली तरी स्वयंपाकघरात डोकावत नाही, तेव्हा मला कळणार नाही? तुम्ही पोरं शेतावर होतात तेव्हा गेले आणि ओतून आले. मला काय माहीत, सगळं घर रांगेत उभं आहे ते!”

मग ताईला हसू फुटलं आणि ते दाबायला तिने तोंडात पदर कोंबला. दादाला मात्र हसू आलं नाही.

“हसताय काय? पंचेचाळीस मिनिटांत बाई दारात. मी सांगतो काय करायचं. जगमध्ये मागच्या वर्षीची वाइन भरा. कोणाला कळतंय?”

“मागच्या वर्षीची वाइन बाई वर्षभर रोज त्यांच्या हॉटेलात वाढतायत, दादा,” धाकटी म्हणाली. “त्यांना पहिल्या थेंबाला कळेल.”

“मग खरं सांगून टाका,” ताई म्हणाली. “आप्पांना आजार झाला होता, यात लाज कसली?”

“लाज नाही, पण सांगायचं असेल तर ते सांगतील. तू कोण सांगणारी?” दादा उसळला. एरवी ताईची आणि त्याची गट्टी, आज मात्र तो आईंच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता. आईंनी मात्र धाकटीकडे पाहिलं.

“तू चाखलीस ना? कशी आहे?”

“छान आहे, आई.” ते तिच्या तोंडून पटकन निघून गेलं. “आप्पांची नाहीये. पण छान आहे. हलकी, तरतरीत. तिला मटण नकोय, एवढंच. तिला मासा द्या, तव्यावर लोण्यात परतलेला, वर लिंबू. शेळीचं ताजं चीज आहे, त्याला टोमॅटो आणि ती हिरवी पानं. उकडलेले छोटे बटाटे. बास.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण आप्पांच्या जागी उभं राहून जेवण जाहीर केलं. आईंच्याही ते लक्षात आलं असावं. फ्रिज उघडून त्यांनी संध्याकाळसाठी आणलेले मासे बाहेर काढले.

“आणि मटणाचं काय सांगायचं?” ताईने विचारलं.

आईंनी पातेलं उचललं, मागच्या पडवीत नेऊन ठेवलं आणि त्यावर टोपली पालथी घातली. “करपलं म्हणून सांगेन.”

दादाचा आ वासला गेला. जन्मात आईंच्या हातून काही करपलं नव्हतं. दुसऱ्या कोणी तसं नुसतं म्हटलं असतं तरी त्यांनी त्याला जेवू घातलं नसतं.

शेफबाई बाराला पाच कमी असतानाच आल्या. ठेंगण्या, चटपटीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी खिडकीतून दोन्ही उतार न्याहाळले, मळ्याच्या मातीचा छोटासा खडा हातात घेऊन आल्या होत्या तो रुमालात बांधला. आप्पा टेबलाच्या टोकाला आपल्या जागेवर बसले. पहिला ग्लास त्यांचा. धाकटीने तो भरला.

आप्पांनी ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. “काळी मनुका,” ते सावकाश म्हणाले. “मिरी. आणि मागे कुठेतरी भाजलेलं लाकूड.”

शेफबाईंनी आपल्या ग्लासातल्या लालचुटूक वाइनकडे पाहिलं. मग आप्पांकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही, पण भुवई जराशी वर गेली. धाकटीला वाटलं, आता टेबलाखाली शिरावं.

मग आप्पांनी घोट घेतला.

त्यांचा चेहरा थांबला. त्यांनी जीभ टाळूवर फिरवली, एकदा, दोनदा. परत एक घोट घेतला. समोरच्या ताटलीतल्या माशाकडे पाहिलं.

“मटण कुठाय?”

“करपलं,” आई म्हणाल्या.

आप्पा आईंकडे बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलले.

“मला वास येत नाही, हे खरंय,” ते म्हणाले. “ताप आल्यापासून येत नाही. पण तुझ्या हातचं करपणार नाही, हे कळायला नाक कशाला लागतं?”

आईंनी मान खाली घातली आणि उगाचच पाव कापायला घेतला. शेफबाईंनी काटा हळूच खाली ठेवला.

“आणि जीभ शाबूत आहे माझी,” आप्पा पुढे म्हणाले. “तुरट, आंबट, जड, हलकं, सगळं कळतं. ही मी जुळवलेली वाइन नाही. हिच्यात उगवती कोणी घातली?”

दादाने हात वर केला. शाळेत करतात तसा, खांद्याच्या वर न जाणारा. ताईने केला. आईंनी हातातली सुरी किंचित उचलली.

“दोन दोन बादल्या,” ताई म्हणाली. “प्रत्येकी. कोणी कोणाला सांगितलं नाही.”

“म्हणजे सहा.” आप्पांनी ग्लास उजेडात धरला. जिभेवर पुन्हा थेंब घोळवला. “नाही. सहा नाहीत. जास्त आहेत.”

तेवढ्यात रिकाम्या बाटल्यांचे खोके घेऊन धाकटीचा नवरा दारात आला. घामाघूम. सगळ्यांचे हात वर बघून आणि आप्पांचं बोलणं ऐकून तो जागच्या जागी थांबला आणि धाकटीकडे वळून कळवळून म्हणाला, “माझ्या बादल्यांचं कोणी सांगितलं? मी तर तुलासुद्धा बोललो नव्हतो!”

आधी शेफबाई हसल्या. मग ताई. मग आप्पा असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं की कशाचं हे कोणी विचारलं नाही. चिंगी दचकून जागी झाली, धाकटीने तिला छातीशी घेतलं.

“आठ,” आप्पा रुमालाने डोळे टिपत म्हणाले. “हां, आता जमलं. आणि एवढ्या सगळ्यांनी त्या दिवशी ‘वा, आप्पा’ म्हटलं. लबाड लेकाचे.”

शेफबाईंनी तोवर माशाचा घास घेतला होता, वर घोट, मग चीज, मग परत घोट. खाताना त्या बोलत नव्हत्या. ताटली पुसून झाल्यावर म्हणाल्या, “मला ही आवडलीय. उन्हाळ्यात माझ्याकडे लोक जड काही पीत नाहीत. पण एक सांगा. ही चार जणांनी चोरून केलेली वाइन आहे. पुढच्या वर्षी अशीच मिळेल का? तुम्ही द्याल का मला खात्री?”

सगळ्यांच्या नजरा आप्पांकडे गेल्या. इतकी वर्षं या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असायचं. नाकपुडीवर बोट टेकवायचं आणि हसायचं. त्यांचा हात उचललाही गेला, पण टेबलावरच राहिला.

“मी एकटा देऊ शकत नाही,” ते म्हणाले. “हे जेवण कोणी ठरवलं?”

“आईंनी,” धाकटी घाईने म्हणाली.

“मी फक्त परतलं,” आई म्हणाल्या.

दादाने खुर्ची मागे सरकवली. आप्पांनंतर जुळणी करायची ती जागा त्याची, हे घरात सगळ्यांनी न बोलता धरलेलं होतं, आणि त्यानेही. तो ग्लास उचलून बघत होता, जणू उत्तर आत आहे.

“मला यात लाल फळ दिसतं, आप्पा,” तो शेवटी म्हणाला. “ताईला शब्द दिसतात. हिला जेवण दिसलं. तुम्हाला दिसायचं तसं.” त्याने ग्लास धाकटीपुढे ठेवला. “वेल मी बघतो, पिंपं मी बघतो. पण नाक हिचं आहे. बोलायला मला जरा जड जातंय, पण आहे.”

“दादा…” ती म्हणाली.

“काय दादा? पुढच्या वर्षी बादल्या घालायच्या असतील तर आधी सांग म्हणजे झालं. आपण एकच रांग लावू.”

आप्पा शेफबाईंकडे वळले. “नाक हिचं, जीभ माझी. दोघं मिळून खात्री देतो. चालेल?”

“नाक रडतंय,” शेफबाई म्हणाल्या. धाकटीने पटकन डोळे पुसले.

त्या गेल्या तेव्हा तीन वाजत आले होते. त्या गाडीत बसत असताना आईंनी त्यांना टोपलीखालचं मटण डब्यात भरून दिलं, “करपलेलं आहे हं,” असं बजावून. दादा आणि धाकटीचा नवरा खोकी उतरवायला तळघरात गेले. खालून त्यांचं भांडण ऐकू येत होतं, पहिली बादली कोणाची यावरून. ताई शेफबाईंसाठी नवं वर्णन लिहायला बसली.

आप्पा आपल्या जागेवरच होते. त्यांनी हात पुढे केले, तशी धाकटीने चिंगीला त्यांच्या मांडीवर दिलं. चिंगीने मुठीत त्यांची मिशी धरली.

“एक विचारू?” ते म्हणाले. “हसायचं नाही.”

“विचारा ना.”

“ही आली तेव्हा माझं नाक गेलेलंच होतं.” ते खिडकीकडे बघत बोलत होते. “घरातला जो उठतो तो हिच्या टाळूला नाक लावतो. तुझ्या सासूबाई तर दिवसातून दहादा. मीही लावतो. नुसतं ऊबदार लागतं. तो वास कसा असतो गं?”

धाकटी वाकली. त्यांनीच शिकवलं होतं तसं आधी एक छोटा श्वास घेतला, सोडला. मग डोळे मिटून लांब, सावकाश.

“कोमट दुधाचा,” ती म्हणाली. “तो लगेच येतो. त्याच्या मागे पाव. भाजलेला नाही, फुगत ठेवलेल्या पिठाचा असतो ना, तसा. आणि अगदी तळाशी काहीतरी हिरवं आहे. छाटणीच्या वेळी कोवळा शेंडा बोटाने मोडला की येतो, तसं.”

आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. ते ग्लासाला धरावं तसं, दोन्ही हातांनी, चिंगीचं डोकं धरून बसले होते.

“शेवटी काय उरतं?”

तिने पुन्हा वास घेतला. या वेळी जरा जास्त वेळ.

“घाम. थोडासा, गोड. रडून झोपल्यावरचा.”

“हं.” त्यांनी चिंगीच्या टाळूवर नाक टेकवलं आणि तसंच ठेवलं. “उद्या परत सांग. रोज बदलत असणार तो.”